टक्कल ताजं आहे तोवर

हौशीराम आप्पा गेले तेव्हा खोडदमध्ये दोन माणसांना खरंखुरं वाईट वाटलं. एक त्यांची मुलगी मंगल, जिनं दहा-अकरा वर्षं त्यांचं हगणंमुतणं काढलं होतं. दुसरा सार्थक, कारण त्याच्या हातून अंत्यविधीचं शूटिंग हुकलं. त्या दिवशी तो आळेफाट्याला फोनची काच बदलायला गेला होता. परत येईपर्यंत नुसते निखारे उरले होते, आणि निखाऱ्यांवर रील होत नाही.

सार्थक तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याचं 'मातीतली माया' नावाचं पेज होतं आणि नावाखाली लिहिलं होतं, 'इथं काहीच खोटं नाही.' त्याच्या गाडीच्या डिकीत एक दगडी जातं, एक पितळी हंडा आणि ठिगळं लावलेलं एक लुगडं कायम असायचं. घरात गॅस, मिक्सर, फ्रिज असलेल्या म्हाताऱ्यांना तो ते लुगडं नेसवायचा, जात्यावर बसवायचा आणि चुलीत ओल्या गोवऱ्या घालायचा, म्हणजे डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. पुण्या-मुंबईची माणसं ते बघून हळहळायची, आईची आठवण आली म्हणून लिहायची आणि आईला फोन न करता पुढचं रील बघायची. सार्थकला हा लबाडपणा वाटत नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की नुसतं खरं असून भागत नाही, ते खरं दिसलंही पाहिजे.

आप्पांचा मुलगा गेणभाऊ नारायणगावला बंगला बांधून राहत होता. टोमॅटोचा व्यापार, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. महिन्यातून एकदा डझनभर केळी घेऊन यायचा, बापाच्या पडवीतल्या खाटेच्या कडेवर टेकायचा आणि फोनवर बोलून निघून जायचा. आप्पा गेल्यावर त्यानं सार्थकला बोलावलं. "गेल्या महिन्यात राजुरीला झालेली दशक्रिया साऱ्या तालुक्यानं मोबाइलवर बघितली. आपल्या आप्पाची तिच्या वर झाली पायजे," असं बजावून सांगितलं.

मंगलला मात्र दशक्रियेत वेगळ्याच गोष्टीचा घोर होता. तिला नवऱ्यानं टाकलेलं. मूलबाळ नाही. माहेरी परत आली ती विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहायला लागली. खोलीभोवतीचा पाऊण एकराचा तुकडा तिनं कसला. कोथिंबीर, मेथी, दसऱ्याला झेंडू. सारी जमीन गेणभाऊच्या नावावर होती, कारण आमच्या भागात बहिणी हक्कसोड करून देतात. भाऊ गाडी करून रजिस्ट्रार ऑफिसला नेतो, बहीण सही करते, येताना तिला साडी मिळते आणि वर भेळ. मंगलनंही सही केली होती. साडी चांगली होती, असं ती अजून सांगायची. आप्पा मात्र येईल-जाईल त्याला म्हणायचे, "विहिरीचा तुकडा मंगलचा." गेणभाऊ तेव्हा मान हलवायचा. मान हलवायला स्टॅम्प लागत नाही.

आता आप्पाच नव्हते, तेव्हा त्या हललेल्या मानेची किंमत काय, हे मंगलला कळत होतं.

दशक्रिया जंगी झाली. नदीकाठी मांडव, साउंड, प्रवचनाला महाराज. दोन पक्षांच्या पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली आणि दोघांनीही आप्पांचं नाव चुकीचं घेतलं. गेणभाऊनं डोकं भादरून घेतलं होतं. पिंड मांडले, लोक मागं सरकले, आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले.

समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. मांडवामागून जेवणाचा वास यायला लागला तशी माणसांची चुळबुळ वाढली. पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग जवळच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा, की बाबा, तुमची अमुक इच्छा आम्ही पुरी करू. सूत्रसंचालकानं माइक गेणभाऊच्या हातात दिला.

"आप्पा, नातीचं लगीन थाटात करू," गेणभाऊ म्हणाला. कावळे बसून राहिले. "आप्पा, तुमच्या नावानं देवळाला घंटा देऊ." एका कावळ्यानं चोच फांदीला घासली, एवढंच. "आप्पा, गाय इकणार नाय." गाय दोन वर्षांपूर्वीच विकली होती. मागून कुणीतरी हसलं. गुरुजींनी हळूच दर्भाची काडी उचलली, कारण कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववतात.

तेवढ्यात आप्पांची धाकटी बहीण साळुबाई उठली. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. "गेणा, इकडंतिकडं कशाला हिंडतोस? इहिरीच्या तुकड्याचं बोल."

गेणभाऊच्या बायकोनं, मोहिनीनं, तिचा पदर ओढला, पण व्हायचं ते झालं होतं. चारशे माणसं गेणभाऊच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं घाम पुसला आणि माइकमध्ये म्हणाला, "आप्पा, इहिरीचा तुकडा मंगलचा. ह्यो माझा शब्द."

आणि कावळा आला. सरळ पिंडावर उतरला, घास घेतला आणि उडून गेला. बाया रडायला लागल्या, पुरुषांनी हात जोडले. मंगल वाळूत बसली आणि पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. सुटले, असं तिला वाटलं. त्या दिवशी खोडदमध्ये एवढी सुखी बाई दुसरी नव्हती.

साळुबाईनं तिला जेवणाच्या पंगतीतच सांगितलं होतं, "मंगे, तेराव्याच्या आत तलाठ्याकडं जा. कागद करून घे."

"आत्या, कावळ्यासमोर बोललाय दादा," मंगल म्हणाली. "चारशे माणसांत. ह्याच्याहून मोठा कागद कुठला?"

माणूस शहाणा असला की कागद मागतो. मंगल सज्जन होती.

इकडे सार्थक मात्र डोक्याला हात लावून बसला होता. कावळा आला त्याच क्षणी तो निघालेल्या पुढाऱ्याच्या गाड्या टिपत होता. गर्कन वळला, पण त्याला मिळालं काय, तर गेणभाऊची पाठ, कुणाची तरी छत्री आणि कोपऱ्यातून निसटणारं काहीतरी काळं. आवाज स्वच्छ आला होता, चित्राची मात्र माती झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गेणभाऊकडे गेला. "भाऊ, क्वालिटीच नाय आली. परत करावं लागंल."

"काय परत करावं लागंल?"

"कावळ्याचा शॉट. रिटेक. मांडव काढायला मांडववाले अजून आले नाय, आन् तुमचं टक्कल ताजं हाय तोवरच जमंल. केस उगवले की लोक वळखतात."

गुरुजींनी कानांवर हात ठेवले. साळुबाई तर खवळलीच. "शिवून गेलेला पिंड परत मांडायचा? माझ्या भावाला काय तमाशात नाचवायला काढलाय?" ती घरातून हललीही नाही. पण मोहिनीनं कुकरला भात लावला, त्याचे गोळे केले आणि म्हणाली, "मंतर नाय म्हणायचा. मग नुसता भातच की तो."

मंगललाही ते पटत नव्हतं. पण गेणभाऊ स्वतः तिच्या खोलीवर आला. आजवर त्या खोलीचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता. तिच्या खाटेवर बसला, तिच्या हातचा चहा प्याला, साखर जास्त झाली होती तरी बोलला नाही. "मंगे," तो म्हणाला, "आप्पाचं नाव हुईल. चल की."

दादाच्या तोंडून 'मंगे' ही हाक तिनं लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकली. तिनं कालचीच साडी परत नेसली. जाता जाता तेवढं विचारलं, "पण दादा, तुकड्याचं?"

"ते काल झालंच की. ह्यो नुसता व्हिडिओ हाय."

घाटावर भावकीतली वीस-पंचवीस माणसं गर्दी म्हणून उभी केली. सार्थकनं सगळ्यांना दाटीवाटीनं उभं केलं, म्हणजे चारशे वाटावीत. मग त्यानं गेणभाऊला बाजूला घेतलं.

"भाऊ, ते तुकड्याचं नको. जमीन म्हणलं का बघणाऱ्याला सोताची भांडणं आठवत्यात, तो अंगठ्यानं वर सरकवून पुढं जातो. माया पायजे, माया." आणि त्यानं दोघांना वाक्यं दिली. गेणभाऊनं म्हणायचं, "आप्पा, मंगलला मी आयुष्यभर अंतर देणार नाय." त्यावर मंगलनं धावत यायचं आणि म्हणायचं, "दादा, मला शेत नको, तुकडा नको. तू हायेस तेच माझं शेत." मग दोघांनी गळ्यात पडायचं आणि वरून कावळा यायचा.

खरं सांगायचं तर तोपर्यंत गेणभाऊच्या मनात पाप नव्हतं. पण मंगलचं वाक्य ऐकल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "चांगलं हाय. ते 'तुकडा नको' जरा मोठ्यानं म्हणायला सांग."

पहिल्या वेळी मंगल अडखळली. दुसऱ्या वेळी कुणाचा तरी फोन वाजला. तिसऱ्या वेळी गेणभाऊनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. उन्हानं तापलेलं ते बोडकं डोकं तिच्या गालाला लागलं आणि तिला रडू कोसळलं. नवऱ्यानं टाकल्यापासून तिच्या अंगाला मायेनं कुणी हात लावला नव्हता. बापाला उचलून ठेवायची तेवढंच. ती वाक्य म्हणाली, पुन्हा म्हणाली, सार्थकनं थांबा म्हटल्यावरही भावाला सोडेना. शेवटी गेणभाऊनंच तिचे हात सोडवले, कारण त्याला मार्केटला जायचं होतं.

कावळा आलाच नाही. कुकरचा भात वाळूत पडून राहिला आणि नंतर कुत्र्यांनी खाल्ला. "टेन्शन नाय," सार्थक म्हणाला, "कावळा मी मोबाइलात घालतो."

त्यानं घातलेला कावळा मोठा होता, तुकतुकीत होता, पंख पसरून सावकाश उतरत होता. आमच्याकडचे कावळे तसे उतरत नाहीत, पण कावळ्याकडं कोण एवढं बघतो? पाठीमागं बासरी लावली होती. रील चाळीस लाख लोकांनी बघितलं.

नारायणगावच्या बाजारात मंगलच्या कोथिंबिरीपुढं अनोळखी बाया उभ्या राहून डोळे पुसायला लागल्या. ठाण्याच्या कुणा बाईनं गेणभाऊला कुरिअरनं राखी पाठवली. एका मंडळानं त्याला 'आदर्श बंधू' म्हणून शाल आणि नारळ दिला. दिवसातून एकदा तरी मंगलही ते रील बघायची. फोन जुना होता, काच तडकलेली, पण त्या तडकलेल्या काचेत तिचा भाऊ तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचा.

मग माणसं घाट बघायला यायला लागली. गाड्या करून, पोराबाळांना घेऊन. घाट बघून झाला की विचारायची, इथं चुलीवरचं जेवण कुठं मिळतं? मोहिनीला कल्पना सुचली. नदीजवळ, विहीर आहे, झाडं आहेत, अशी जागा आपल्याकडं एकच आहे. तिथं चार खोल्या, एक चूल, एक बैलगाडी. कृषी पर्यटन. सार्थकनं नावही लगेच सुचवलं, पेजचंच.

जेसीबी आला तेव्हा मंगल मेथी खुडत होती. तिला वाटलं, रस्त्याचं काम असेल. ड्रायव्हरनं खोलीतलं सामान बाहेर काढायला सांगितलं तेव्हा ती धावत गेणभाऊकडं गेली. तो बांधावर उभा राहून कुठं काय होणार ते दाखवत होता.

"दादा, ह्यो तुकडा माझा हाय. तू शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"घाटावर. आप्पाच्या पिंडासमोर."

"मी म्हणलो, तुला अंतर देणार नाय. कुठं देतोय? नारायणगावला चल, मागची खोली रिकामीच हाय." तो शांतपणे म्हणाला. "आन् तुकड्याचं म्हणशील तर तूच नको म्हणलीस की."

तो खोटं बोलत होता की त्यालाही आता तसंच आठवत होतं, देव जाणे. खोटं बोलणाऱ्याचा आवाज थोडा तरी चढतो. गेणभाऊचा चढला नाही.

मंगलनं गाव गोळा केलं. देवळाच्या सभामंडपात पंचवीस-तीस माणसं बसली. भागू पाटील गावातला वजनदार माणूस, दशक्रियेला पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. मंगलनं त्यालाच विचारलं, "पाटील, तुमी म्होरंच व्हता. दादा काय म्हणाला ते सांगा."

पाटलानं डोळे मिटले, आठवल्यासारखं केलं. "सांगतो की. गेणा म्हणला, मंगलला अंतर देणार नाय. तू पळत आलीस आन् म्हणलीस, मला तुकडा नको. त्याबरोबर कावळा आला. केवढा कावळा! घारीएवढा. माझ्या अंगावर काटा आला व्हता."

"आवो, तो कावळा सार्थकनं मोबाइलात घातलाय!"

सभामंडपात हशा पिकला. एकानं तर खिशातून फोन काढून रील लावलं आणि सगळ्यांना फिरवून दाखवलं. "ही तूच हायेस का दुसरी कोण?" त्यानं विचारलं. मंगलनं सांगितलं, की हे दुसऱ्या दिवशीचं आहे, कुकरचा भात आहे, वाक्यं लिहून दिलेली आहेत. ज्या भावकीतल्यांना गर्दी म्हणून उभं केलं होतं ते खाली बघत होते. त्यांचा टोमॅटो गेणभाऊच घेतो. बळी तो कान पिळी. बाकीच्यांना खोटं बोलायचीही गरज नव्हती. त्यांनी घाटावर एकदा बघितलं होतं, तेही मागून, माणसांच्या डोक्यांवरून. मोबाइलवर पन्नासदा बघितलं होतं, जवळून, बासरीसकट.

शेवटी मंगल साळुबाईपुढं बसली. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण तिची नात आरोही तिला रोज ते रील लावून द्यायची, फोन अगदी नाकाशी धरून.

"आत्या, तू सांग. तूच उठून बोलली व्हतीस ना, इहिरीच्या तुकड्याचं बोल म्हणून?"

साळुबाईनं तिचा हात हातात घेतला. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. "बोलले असंन गं," ती म्हणाली. "पण तूच नको म्हणलीस की, मंगे. भावाच्या गळ्यात पडलीस. मी तिथंच व्हते, लई रडले बघ तवा."

त्या दिवशी ती घराबाहेरही पडली नव्हती.

मंगल उठली ती थेट सार्थककडं गेली. तिला वाटत होतं, खरा व्हिडिओ याच्याकडं असणारच. त्यात गेणभाऊची पाठ का होईना, आवाज तर आहे. सार्थकनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तो उडवला, ताई."

"उडवला?"

"फोन फुल झाला व्हता. त्यात काय व्हतं तरी? नुसता आवाज. नुसत्या आवाजाला कोण इचारतं?"

मंगलचा तळतळाट झाला असता तर बरं झालं असतं, पण तिला नुसतं थकल्यासारखं वाटलं. मग तिनं विचारलं, "तुझ्या त्या पेजवर मी खरं सांगितलं तर टाकशील?"

सार्थकचे डोळे चमकले. त्याचं कुणाशीच वैर नव्हतं. "टाकणार की! पार्ट टू. लई चालंल."

विहिरीच्या काठावर त्यानं तिला उभं केलं. मागं जेसीबी दिसत होता. सार्थक म्हणाला, बॅकग्राउंड एक नंबर आहे. मंगलनं पदर खोचला आणि सरळ सांगितलं. पहिला कावळा कधी आला, भाऊ काय म्हणाला, दुसऱ्या दिवशी काय झालं, खोली कोण पाडतंय. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. डोळे मात्र कोरडे होते.

"ताई, थोडं रडता का? शेवटाला?"

"नाय येत रे."

"मागच्या टायमाला केवढं आलं व्हतं."

तिनं प्रयत्नही केला. तोंड वेडंवाकडं झालं, पाणी आलं नाही. सार्थकनं ते तसंच ठेवलं.

तो व्हिडिओही खूप लोकांनी बघितला. खाली त्यांनी लिहिलं, 'ॲक्टिंग जमली नाही ताई.' 'पहिला किती खरा होता, हा सरळ सरळ स्क्रिप्टेड आहे.' 'शेवटी रडायचं नाटक बघा.' 'नजर बघा, खोटं बोलणारी माणसं अशीच बघतात.' 'पाऊण एकरासाठी देवासारख्या भावाची बदनामी.' ठाण्याच्या बाईनं गेणभाऊला लिहिलं, की दादा, खचू नका, तुम्हाला आमच्यासारख्या लाखो बहिणी आहेत. बाजारात बाया आता मंगलच्या कोथिंबिरीपुढं थांबायच्या नाहीत. एक जण मुद्दाम थांबली आणि लाज वाटत नाही का, असं विचारून शेजारच्या पाटीतली जुडी घेऊन गेली.

खोली पाडायला जेसीबीला फार वेळ लागला नाही. पत्रे जुनेच होते. गेणभाऊनं त्या दिवशी सगळ्यांदेखत मंगलला सांगितलं, की झालं गेलं विसरून जा, तुला मी वाऱ्यावर सोडणार नाही, इथंच राहा, चूल सांभाळ. लोक म्हणाले, बघा, एवढं करूनही पोटाशी धरतोय. नारायणगावच्या मागच्या खोलीचा विषय मोहिनीनंच बंद केला होता. चुलीवर भाकरी थापायला बाहेरची बाई ठेवली तर तिला पगार द्यावा लागतो.

आता शनिवार-रविवारी तिथं जागा मिळत नाही. चार खोल्या झाल्या, विहिरीवर रंगीत दिवे लागले, बैलगाडीला गादी आली. मंगल धान्याच्या कोठीत झोपते आणि पाहुणे आले की भाकरी थापते. तिच्या अंगावर सार्थकच्या डिकीतलं ठिगळाचं लुगडं असतं. चुलीतल्या गोवऱ्या मात्र कोरड्या असतात, कारण धूर झाला की पाहुण्यांना खोकला येतो.

एका रविवारी पुण्याची एक बाई नवऱ्याला आणि मुलींना घेऊन आली होती. जेवता जेवता ती मंगलकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अय्या, तुम्ही त्या रीलमधल्या ताई ना? कावळ्याच्या?"

मंगलनं मान हलवली. गेणभाऊ पलीकडंच पाहुण्यांना ताक वाढत होता. आता त्याचं डोकं काळ्याभोर केसांनी भरलं होतं.

"मी किती रडले होते सांगू तुम्हाला! आईला पाठवलं, सासूबाईंना पाठवलं. पण राग नका मानू हं, ताई, तो दुसरा व्हिडिओ तुम्ही करायला नको होता. खोटं लगेच कळतं आम्हाला. चेहऱ्यावर दिसतं ना."

गेणभाऊनं ताकाचं भांडं हातात तसंच धरून मान वळवली. मंगलनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या आणि ती फुगेपर्यंत थांबली.

"बरोबर हाय तुमचं," ती त्या बाईला म्हणाली. "पयल्याला मी मनापासून रडले व्हते."